टूम रेडर: शिफ्ट धरून मोठे झालेले कोणी आहेत का इथे?

शिफ्ट_धरून

खूप दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच. टूम रेडर या कॉम्प्युटर गेमच्या पहिल्या तीन भागांचं रिमास्टर (तोच जुना खेळ, नव्या चित्रांत) २०२४ च्या १४ फेब्रुवारीला आलं (तारीख मुद्दाम तीच, खेळाची नायिका लारा क्रॉफ्टचा वाढदिवस), मी घेतलं मात्र आत्ता गेल्या महिन्यात. पेरूच्या त्या बर्फाळ गुहेत लारा पळायला लागली, पावलांचा तो टपटप आवाज आला आणि मी कीबोर्डवरून हात काढून नुसती बसून राहिले. काहीही घडलं नव्हतं हो, लांडगे पण अजून आले नव्हते.

आमच्याकडे दोघांत मिळून एक कॉम्प्युटर आणि एक लारा. दादा बाणांच्या बटणांवर, मी शिफ्ट, कंट्रोल आणि ऑल्टवर. म्हणजे चालवायचा तो, पण उडी माझी, पकड माझी, आणि कड्याजवळ गेलं की शिफ्ट दाबून धरणं हे सगळ्यात मोठं काम पण माझं. ज्यांनी खेळलंय त्यांना सांगायला नको, शिफ्ट धरली की लारा सावकाश चालते आणि कड्यावरून पडत नाही, थांबते. सोडली की गेली. मी तेव्हा आठ वर्षांची होते आणि घरात दुसरं कुठलंच काम माझ्यावर इतकं सोपवलेलं नव्हतं.

उडीचं गणित आम्हाला पाढ्यांसारखं पाठ होतं. कड्याच्या टोकाला शिफ्ट धरून जायचं, एक उडी मागे घ्यायची, मग पळायचं आणि लगेच ऑल्ट. उभ्या उभ्या मारली तर एक चौकोन पार होतो, पळत मारली तर दोन, पळत मारून हवेत कंट्रोल धरला तर समोरची कड हाताला लागते आणि तीन होतात. चौथा कधीच नाही. हे पहिल्या गुहेत जेवढं खरं तेवढंच शेवटच्या पिरॅमिडमध्ये. माझं म्हणणं असंय की त्या खेळाने मला कधीच फसवलं नाही. पडलो तर मोजण्यात चुकलो, झालं. मोठेपणी कुठलीही अवघड गोष्ट समोर आली की मी आधी मागे एक पाऊल घेते आणि अंतर बघते, ही सवय मला त्या खेळाने लावली असं मी अगदी मनापासून मानते.

आणि वेग बघा ना, १९९६ ला पहिला, मग ९७, ९८, ९९, २०००, दरवर्षी एक. इयत्ता बदलावी तसा भाग बदलायचा. पुढे २००३, मग २००६, मग २०१३ चा नवा अवतार, तोपर्यंत आम्ही दोघं दोन वेगळ्या घरात.

तर विचारायचं असं, की तुमची लारा कुठली? आणि पुढच्या लारांशी तुमचं जमलं का?

मध्यरात्र

काय धागा काढलात! मी आता झोपणार नाही.

माझी पहिली. आणि माझी आठवण म्हणजे ती दरी, हरवलेली दरी, पेरूमधली तिसरी लेव्हल. तोपर्यंत काय तर लांडगे, वटवाघळं, अस्वलं. मग मोठी मोकळी दरी लागते, दोनचार छोटे डायनॉसोर येतात, तुम्ही म्हणता अच्छा असं आहे होय. आणि मग अंधारातून तो टी-रेक्स येतो. तेव्हाच्या मशीनना लांबचं दाखवता यायचं नाही, लांबचं सगळं काळं, त्यामुळे आधी नुसता अंधार हलतोय असं वाटायचं आणि मग एकदम तोंडच. संगीत सुरू व्हायचं ते तेव्हाच. एरवी त्या खेळात बहुतेक वेळ शांतताच असते, पाण्याचा आवाज, पावलं, बस. नेथन मॅक्री यांचं संगीत (पहिले तीन भाग त्यांचे) फक्त हवं तिथेच वाजायचं, म्हणून वाजलं की पोटात गोळा.

२००७ च्या अॅनिव्हर्सरीमध्ये (पहिलाच भाग नव्याने बनवलेला) तोच प्रसंग परत बांधलाय. तिथे आधी छोटी फिल्म दाखवतात, मग ठरलेली झुंज, त्याला चकवून खांबांवर आपटवायचं वगैरे. दिसायला भारी आहे, खोटं कशाला बोलू. पण पहिल्यांदा तो आला तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं की आता भीती वाटून घ्या.

चौकोनी_दगड

+१ शिफ्टताई, आणि चौकोनांबद्दल थोडं जास्त लिहितो कारण माझं अर्धं आयुष्य त्यातच गेलंय.

२००० साली पाचव्या भागाच्या पीसी आवृत्तीबरोबर खेळ बनवणाऱ्या कोअर डिझाइन कंपनीने स्वतःचा लेव्हल एडिटर देऊन टाकला. म्हणजे ज्या अवजाराने ते लेव्हल बांधायचे जवळपास तेच आपल्या हातात. मी पहिल्यांदा उघडला तेव्हा कळलं की शिफ्टताई जे मोजत होत्या ते खरोखरच तसं आहे. अख्खं जग चौकोनांच्या जाळीवर. उंची मोजायची ती 'क्लिक'मध्ये, चार क्लिक म्हणजे एक पूर्ण ठोकळा. प्रत्येक चौकोनाच्या जमिनीत ट्रिगर पुरता येतो, त्यावर पाय पडला की दार उघडतं, संगीत वाजतं, नाहीतर वाघ जागा होतो. टी-रेक्स आला तो असाच, कुठल्यातरी चौकोनावर मध्यरात्रचा पाय पडला म्हणून आला.

लोकांनी त्यावर हजारो लेव्हल बांधल्यात आणि अजून बांधतायत, मूळ कंपनी बंद होऊन जमाना झाला तरी. मी सोळा वर्षांचा असताना पहिली बांधली, एक देऊळ, एक तळं, बरेच दगडी दरवाजे. ती कुणीतरी परदेशात बसून खेळून मला दोन ओळींचं लिहिलं की तळ्याखालची तरफ छान लपवलीस. मला त्या दोन ओळी अजून पाठ आहेत. आज मी जे काम करतो, घरांचे आराखडे काढतो, त्यात पण जिन्यावरून उतरणाऱ्या माणसाला पुढे काय दिसेल हा विचार आधी येतो, तो तिकडूनच आलाय.

रिमास्टर मूळ कोडवरच उभं केलंय त्यामुळे उड्यांची मापं तीच राहिली, हे त्यांनी फार बरं केलं. कोपऱ्यात विशिष्ट उडी मारली की लारा एकदम वर जाऊन उभी राहते तो जुना बगसुद्धा ज्यांना माहितीये त्यांना माहितीये.

नवा_वाटसरू

सगळ्यांचं वाचतोय, आवडतंय, पण थोडं वेगळं बोलू का. माझी लारा २०१३ ची. माझ्या आधी काही होतं हे मला माहितीच नव्हतं. एकवीस वर्षांची मुलगी, जहाज फुटतं, यामाताई बेटावर एकटी, पोटात सळई घुसलेली, थंडीने कुडकुडतीये, रेडिओच्या मनोऱ्यावर चढायचंय आणि वर बघायची पण भीती वाटतीये. मी पण त्या वर्षी घर सोडून शिकायला गेलो होतो, एका खोलीत एकटा, कुणाशी ओळख नाही. ती मनोऱ्यावर चढली ना, मी त्या रात्री दोनदा तो भाग खेळलो.

जुन्या भागांचे लोक म्हणतात ही लारा सारखी कण्हते, रडते, ही लारा नाहीच. मला ते वाचून वाईट वाटतं. तुमची लारा आधीपासूनच सगळं येणारी होती. मला तशी नकोच होती, मला शिकणारीच हवी होती.

आता प्रश्न. रिमास्टर घेतलंय, पण मला चालवताच येत नाहीये. डावं दाबलं की ती डावीकडे जात नाही, जागच्या जागी वळते. रणगाडा चालवल्यासारखं. मॉडर्न कंट्रोल लावले तर उड्या चुकतात. सोडून देऊ का?

शिफ्ट_धरून

@नवा_वाटसरू अजिबात सोडू नकोस! आणि तुझं मनोऱ्याचं वाचून मी माझं २०१३ बद्दलचं मत थोडं मागे घेते. मला त्या भागात राग हा होता की थडगी म्हणून जी होती ती एकेका कोड्याची छोटी खोली, पाच मिनिटांत बाहेर, आणि माणसं मात्र शेकड्याने मारायची. २०१५ च्या राइजमध्ये त्यांनी ती थडगी मोठी केली, तिथे जरा जमलं माझं. आणि २०१८ च्या शॅडोमध्ये तर लढाई, शोध आणि कोडी यांची काठिण्यपातळी वेगवेगळी लावता येते, मी शोध अवघडवर ठेवला होता. पण ती भीती, एकटेपणा, तो मला त्या वयात लागला नाही कारण माझ्या शेजारी दादा बसलेला असायचा. हे मी आज पहिल्यांदाच असं बघतीये.

तुझ्या अडचणीबद्दल. टँक कंट्रोलच लाव. जुनी लारा कॅमेऱ्याच्या हिशोबाने चालत नाही, स्वतःच्या तोंडाच्या दिशेने चालते, आणि सगळ्या खोल्या त्याच हिशोबाने बांधल्यात. आधी तिच्या घरी जा, क्रॉफ्ट मॅनर, तिथे कोणी मारत नाही. एक तास नुसत्या उड्या मार. शिफ्ट, कडा, एक उडी मागे, पळ, ऑल्ट. बोटांना कळलं की डोक्याला विचारावं लागत नाही.

आणि नव्या चित्रांत एखादी चावी दिसली नाही तर एफ-वन दाबून जुन्या चित्रांत जाऊन बघ. मी सारखी करते.

चौकोनी_दगड

अजून एक, @नवा_वाटसरू. तिसऱ्या भागात भारत संपला की कुठे जायचं ते तुम्हीच निवडायचं असतं, तेव्हा नेवाडा आधी करा. तिथे लाराला पकडतात आणि सगळी हत्यारं काढून घेतात. लंडन आणि पॅसिफिक आधी करून साठवलेली हत्यारं घेऊन तिथे गेलात तर फार हळहळ होते. मला कुणी सांगितलं नव्हतं.

कागदी_होडी

वाचनमात्र असते पण आज लिहिते.

मुलगी म्हणून टूम रेडरवर प्रेम करणं थोडं अवघड होतं तेव्हा. मासिकांत, पोस्टरवर लारा कशी उभी केलेली असायची ते सगळ्यांना आठवत असेल. वर्गातली मुलं त्या पोस्टरवरून जे बोलायची ते ऐकून मी कितीतरी दिवस सांगितलंच नाही की मला हा खेळ आवडतो. पण खेळात ती वेगळीच होती हो. खेळात आपण तिच्या पाठीमागून चाललेलो असतो, तिची पाठपिशवी आणि पुढची वाट एवढंच दिसतं. तिला कुणी सोडवायला येत नाही, ती पण कुणाची वाट बघत नाही. चुकीच्या जागी चावी लावली की शांतपणे 'नो' म्हणते, बस, कुणावर चिडत नाही.

तिला घडवणारा टोबी गार्ड, त्याच्या डोक्यात आधी लॉरा क्रूझ नावाची दक्षिण अमेरिकेतली मुलगी होती, मग ती इंग्लिश लारा क्रॉफ्ट झाली. पहिला भाग झाल्यावर तो कोअर सोडून गेला, जाहिरातींमधून तिला जसं विकत होते ते त्याला पटलं नव्हतं. हे मला मोठेपणी कळलं तेव्हा फार बरं वाटलं. वाटलं की खेळातली जी मला दिसत होती तीच खरी होती, पोस्टरवरची नाही. २००६ च्या लेजंडला तो परत आला. पण लेजंडमध्ये तिच्या कानात सतत तिचे मदतनीस झिप आणि अॅलिस्टर बोलत असतात. कथा चांगली आहे, आईचा शोध, आर्थर राजाची तलवार, सगळं. पण मला सारखं वाटायचं की अरे गप्प बसा रे दोन मिनिटं, तिला ऐकू दे.

मध्यरात्र

कागदी_होडी, लिहीत जा हो. वाचनमात्र राहू नका.

गुरुवार

तिसऱ्या भागातल्या भारताचा विषय निघालाच आहे तर. १९९८ मध्ये एवढ्या मोठ्या खेळाची सुरुवातच भारतात होतीये म्हटल्यावर मी हरखून गेलो होतो. जंगल, माकडं, वाघ, सुंदर आहे ते अजून. मग देवळात सहा हातांचे पुतळे जिवंत होऊन तलवारी घेऊन अंगावर येतात आणि त्यांना नाव काय, तर शिवा. मला लहानपणी पण ते टोचलं होतं. ज्याच्यापुढे आपण हात जोडतो त्याच्यावर दोन्ही पिस्तुलं झाडायची? मी त्या खोलीत किती वेळ नुसता थांबलो होतो, दुसरी वाट शोधत. वाट नव्हती.

रिमास्टर सुरू होताना एक निवेदन येतं, की या जुन्या खेळांत काही लोकांचं आणि संस्कृतींचं अपमानकारक चित्रण आहे, आणि ते काढून टाकण्यापेक्षा तसंच ठेवलंय. मला हे पटलं. खेळ आवडतो म्हणून त्यातलं सगळंच गोड मानायला पाहिजे असं नाही, आणि टोचलं म्हणून खेळ आवडणं थांबलंही नाही.

बाकी पळणं, म्हणजे ते जोरात धावणं, आणि गुडघ्यावर रांगणं हे दोन्ही तिसऱ्यात आलं. चढता येणाऱ्या भिंती आणि फ्लेअर दुसऱ्यात. काही जण मिसळतात म्हणून सांगितलं.

शेवटचा_भाग_आवडलेला

मी तो माणूस आहे ज्याला २००३ चा एंजल ऑफ डार्कनेस आवडतो. मारू नका.

माहितीये सगळं. अर्धवट बाहेर काढला, बगांनी भरलेला, लारा वळताना जड, मध्येच "आता माझ्यात जास्त जोर आला" अशा अर्थाचं काहीतरी म्हणते आणि मग आधी न झेपणारी उडी झेपते. कोअरच्या हातून मालिका त्यामुळेच गेली आणि क्रिस्टल डायनॅमिक्सकडे आली. पण पॅरिसमधली ती पावसाळी रात्र, लूव्र, खालचं उत्खनन, प्राग, आणि लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राने वाजवलेलं संगीत! ती मालिका पहिल्यांदाच मोठी व्हायला बघत होती. चौथ्या भागात त्यांनी लाराला देवळाखाली गाडलं होतं, दरवर्षी एक खेळ काढून काढून ती माणसं थकली होती. पाचव्यात तिच्या स्मृतीसाठी जमलेले लोक जुन्या गोष्टी सांगतात. आणि मग सहाव्यात ती परत येते ती चिडलेली, कुणावर विश्वास नसलेली. मी पंधरा वर्षांचा होतो, मी पण तसाच होतो.

तीन भागांची कथा ठरली होती, एकच झाला. त्यातला दुसरा नायक कर्टिस ट्रेंट, त्याचं पुढे काय झालं ते आपल्याला कधीच नीट कळणार नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत चार ते सहा भागांचं रिमास्टर आलं, त्यात कापलेल्या काही गोष्टी परत जोडल्यात. मी वीस वर्षांनी परत प्रागला गेलो आणि ते दार ज्या ठिकाणी मी तेव्हा अडकून पडलो होतो, ते सरळ उघडलं.

मध्यरात्र

कुणी मारत नाहीये. मी पण लूव्रसाठी दोनदा खेळलोय.

अवांतर: विन्स्टनला फ्रीजरमध्ये कोणकोण कोंडलंय? दुसऱ्या भागात, तो म्हातारा बटलर ट्रे घेऊन कप खुळखुळवत मागे मागे येतो तो. मी कोंडायचो, पण गेम बंद करायच्या आधी परत जाऊन दार उघडायचो. थंडीत रात्रभर तसाच राहील असं वाटायचं.

कागदी_होडी

मी पण उघडायचे!! मला वाटायचं मी एकटीच.

नवा_वाटसरू

रिपोर्ट देतो. एक तास मॅनरमध्ये घालवला, मग पेरू पूर्ण केला. टी-रेक्स आला तेव्हा ओरडलो. सेंट फ्रान्सिस फॉलीला आलोय, तो उंच मनोरा, चार दारं, नेपच्यून, अॅटलस, दामोक्लिस, थॉर (ग्रीसमध्ये थॉर कसा आला कुणास ठाऊक). वरून खाली बघितलं आणि हात थंड पडले. २०१३ मध्ये मी यापेक्षा कितीतरी उंच चढलोय, पण तिथे बहुतेक वेळा ती स्वतःच कड धरते. इथे कंट्रोल सोडला की मी सोडला. आता कळलं तुम्ही लोक काय बोलताय ते.

बाणांवर_हात

हा धागा वाचून खातं काढलंय. शिफ्ट_धरून ही माझी धाकटी बहीण. लिंक तिनेच पाठवली, पण हे लिहितोय ते तिला माहिती नाही.

तिने एक सांगितलं नाही कारण तिला ते माहितीच नाही. आम्ही सेंट फ्रान्सिस फॉलीला असताना तिला ताप आला. चार-पाच दिवस अंथरुणात. मी म्हटलं तेवढ्यात आपण पुढे जाऊ, दोन्ही हात माझेच, त्यात काय. वरच्या कड्यावरून पहिलीच उडी, आणि खाली. परत लोड, परत खाली. माझं डावं बोट ऑल्ट योग्य वेळी दाबतच नव्हतं, कारण ते बोट कधी माझं नव्हतंच. मी मनात 'आता' म्हणायचो आणि कोणी दाबायचं नाही. आम्ही खेळताना मी कधी मोठ्याने 'आता' म्हटलेलं मला आठवत नाही, तिला कसं कळायचं काय माहित.

सातआठ वेळा पडल्यावर मी बंद केलं, आणि ती बरी होईपर्यंत उघडलंच नाही. तिला सांगितलं की तुझ्यासाठी थांबलो. खरं म्हणजे मला जमलं नव्हतं.

पुढे मला नवे भाग आवडायला लागले, तिला वाटतं मी जुन्यांना विसरलो. नव्यांमध्ये एकट्याला खेळता येतं एवढंच कारण होतं गं.

चौकोनी_दगड

...

शब्द नाहीत. वाचनखूण साठवली.

शिफ्ट_धरून

दादा.

तू मान थोडी पुढे करायचास. उडीच्या आधी दर वेळी. मी स्क्रीनकडे बघायचेच नाही, तुझ्याकडे बघायचे.

मी चार दारांपैकी तीन केलीयेत. दामोक्लिसची खोली राहिलीये, ती छताला तलवारी टांगलेली, जिथे खालून सावकाश चालतच जावं लागतं. दारात सेव्ह करून ठेवलंय. शनिवारी येतोयस ना, तेव्हा करू. बाण तुझे.